गोठलेल्या हवेतली तबकडी

१९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ला कन्याडा फ्लिंट्रिज या गावी, ओक ग्रोव्ह पार्कमध्ये, डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान तयार झाले. ते उभारणारा एड हेडरिक व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत काम करत असे. फ्रिसबीच्या पाठीवर गोल वळ्या काढून तिचे उड्डाण स्थिर करण्याचे पेटंट त्याच्याच नावावर होते. सुरुवातीला खेळाडू झाडांवर आणि खांबांवर नेम धरत. तबकडी खांबाला चाटून गेली की नाही यावरून वाद होऊ लागले, तेव्हा हेडरिकने खांबाला साखळ्यांची झालर लावली आणि खाली जाळीची टोपली बसवली. या टोपलीचे पेटंट त्याला १९७७ साली मिळाले. त्याआधी एक वर्ष त्याने खेळाडूंची संघटनाही स्थापन केली होती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या त्या बागेत डिसेंबरातही एका पातळ स्वेटरवर भागते. बर्फाचा विचार या खेळाच्या जन्मात कुठेच नव्हता.

आज मात्र डिस्क गोल्फचे खरे वेड पाहायचे तर उत्तरेकडे जावे लागते. फिनलंडमध्ये लहानशा गावालाही स्वतःचे मैदान असते. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, पण मैदाने पन्नासहून अधिक आहेत. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवणारी क्रिस्टिन तत्तार एस्टोनियाची. २०२५ सालची जागतिक स्पर्धा झाली ती फिनलंडमधल्या नोकिया आणि ताम्पेरे परिसरात. या देशांत वर्षाचे चार-पाच महिने जमीन गोठलेली असते. इतके महिने खेळ बंद ठेवणे तिथल्या लोकांना परवडणारे नव्हते, म्हणून ते हिवाळ्यातही खेळत राहिले. खेळता खेळता त्यांच्या हातून जो खेळ तयार झाला, त्यात ताकदीला फारशी किंमत उरत नाही आणि हाताच्या नेमकेपणाला फार मोठी येते. माझ्या मते खेळाडूची खरी पारख करणारा हाच खेळ आहे.

नियम थोडक्यात असे. ठरलेल्या चौथऱ्यावरून तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. मैदानात बहुधा १८ टोपल्या असतात. लांबच्या फेकीची तबकडी पातळ, रुंद आणि धारदार काठाची. टोपलीजवळची, म्हणजे पटर, जाड आणि बोथट काठाची. तबकडीचा व्यास २१ सेंमीपेक्षा कमी चालत नाही आणि व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही. त्यामुळे लांब जाणाऱ्या बहुतेक तबकड्या १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतात.

थंडीत ही तबकडी उन्हाळ्याइतकी लांब जात नाही, हे पहिल्या फेकीतच कळते. दोष बहुतेक जण हवेला देतात. त्यात तथ्य आहेच. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर कोरडी हवा सुमारे १.१६ किलो भरते. उणे १५ अंशांत तीच १.३७ किलोच्या घरात जाते. मुंबईच्या उकाड्यातून निघून जानेवारीत फिनलंडमधल्या ओउलूला पोचलेल्या माणसाभोवतीची हवा साधारण १७-१८ टक्क्यांनी जड झालेली असते. तबकडीला होणारा विरोध त्याच प्रमाणात वाढतो. पण तिला वर धरणारी उचलही त्याच प्रमाणात वाढते, हे लोक विसरतात. नुकसानीतला काही भाग हवा अशी स्वतःच भरून देते. लांब फेकीचा ३३८ मीटरचा विक्रम डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात केला, पण तो मुख्यतः वाऱ्याच्या साथीमुळे. वारा पाठीशी नसता तर नुसत्या विरळ हवेने तो आकडा गाठून दिला नसता.

हवेवरचा सगळा ठपका खरा नाही याचा आणखी एक पुरावा तबकडीच्या वळणात सापडतो. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी वेगात असते तोवर किंचित उजवीकडे कलते; वेग उतरला की डावीकडे झुकत खाली येते. कोलोरॅडोसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ असल्यामुळे उजवीकडचे कलणे कमी होते. या हिशेबाने दाट, थंड हवेत ते वाढायला हवे. प्रत्यक्षात हिवाळ्यातल्या खेळाडूंची तक्रार नेमकी उलट असते: तबकडी उजवीकडे जातच नाही, लवकर डावीकडे कोसळते. कारण उघड आहे. हातातून सुटतानाच ती हळू सुटलेली असते आणि फिरतेही कमी. थंडीचा मोठा घाव उड्डाण सुरू होण्याआधीच, खेळाडूच्या शरीरावर पडलेला असतो.

म्हणून हाताचा विचार आधी. गारठा लागला की शरीर पोटातली आणि छातीतली ऊब राखण्यासाठी बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांखाली उतरले की बारीक कामातली चपळाई घसरू लागते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच बोथट होतो. बोटांखाली काठ आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. स्नायू गार पडले की दर अंशामागे त्यांच्या झटक्यातली ताकद काही टक्क्यांनी कमी होते, आणि डिस्क गोल्फची फेक म्हणजे सगळा झटकाच. पायापासून निघालेला जोर कंबर, खांदा, कोपर असे टप्पे घेत मनगटात येतो आणि शेवटी अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून तबकडी निसटते. ती चिमूट कणभर आधी सुटली तर तबकडी डावीकडच्या झाडीत, कणभर उशिरा सुटली तर उजवीकडच्या. गोठलेल्या बोटांना हा कण ओळखता येत नाही.

यात निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. बोटे पाच-दहा मिनिटे कडक थंडीत राहिली की आवळलेल्या रक्तवाहिन्या मधूनमधून सैल होतात आणि उबदार रक्ताची एक लाट बोटांत येऊन जाते. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० साली या घटनेचे वर्णन केले. ज्यांना वर्षानुवर्षे थंडीत हातांनी काम करावे लागते त्यांच्यात ही लाट लवकर आणि जोरात येते, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. पण या लाटेच्या भरवशावर कोणी खेळू नये. सारे शरीर गारठलेले असेल तर ती येतच नाही. बोटे उबदार ठेवायची असतील तर आधी धड आणि डोके उबदार हवे. टोपी हातमोज्यांइतकीच हातांच्या उपयोगी पडते ती यामुळे.

वाऱ्याचेही पाहू. हवामान खात्याच्या अंदाजात थंडीचे दोन आकडे येतात: एक तापमापकाचा आणि दुसरा अंगाला जाणवणारा. दुसऱ्या आकड्याचे मूळ अंटार्क्टिकात आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी तिथे प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून, वेगवेगळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजले. अमेरिका आणि कॅनडाने हे गणित २००१ साली नव्याने मांडले. त्यानुसार उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २० असल्यासारखे वाटते. तबकडीला मात्र असे काही वाटत नाही. वारा कितीही सुटला तरी ती हवेच्या तापमानाखाली जात नाही. फक्त त्या तापमानाला लवकर पोचते. वाऱ्याच्या दिवशी जपायचा तो हात.

जपण्याची पद्धत जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे. कमरेला दोन्ही बाजूंनी उघडी असलेली अस्तराची पिशवी बांधायची, तिच्यात उबेची पुडी टाकायची, आणि फेकणारा हात दोन फेकींच्या मध्ये तिथेच ठेवायचा. एकदाच वापरायच्या पुडीत लोखंडाची पूड, मीठ, कोळसा आणि थोडे पाणी असते. पुडी फोडली की लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजू लागते आणि त्या गंजण्याची उष्णता काही तास पुरते. पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या पुडीत सोडियम ॲसिटेटचे द्रावण असते. आतली धातूची चकती दाबली की ते स्फटिक बनते आणि ५८ अंशांपर्यंत तापते. पुडी मग उकळत्या पाण्यात घालून ते परत पातळ करता येते. दुसऱ्या हातात जाड मोजा. फेकणाऱ्या हातात मोजा घालून खेळणारेही आहेत, पण मला ते पटत नाही. फेकीसाठी नियमाने ३० सेकंद मिळतात. तेवढा वेळ उघडा हात कोणत्याही शहाण्या थंडीत तग धरतो. मोज्यातून चिमटीची जाण येत नाही आणि थंडीत मुळात तिचाच दुष्काळ असतो.

कपड्यांत एकच गोष्ट नवख्यांना सांगावी लागते. फुगीर, जाड जाकीट खांद्याला अडवते. अंगालगत लोकरीचा पातळ थर, वर एक-दोन सैल थर आणि त्यावर बिनबाह्यांचे जाकीट, असे घातले की छाती उबदार राहते आणि हात मोकळा फिरतो. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्या थांबल्या अंग गार करतो. डिस्क गोल्फमध्ये चालण्याइतकेच थांबणेही असते.

तबकडीचे प्लॅस्टिक थंडीत वेगळे वागते. स्वीडनमध्ये शेलेफ्तेओ नावाचे शहर आहे. तिथल्या एका कंपनीने आपल्या अक्षांशावरूनच लॅटिट्यूड ६४ असे नाव घेतले आणि तबकड्या बनवायला सुरुवात केली. ती पटरचे एकच प्लॅस्टिक मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन प्रकारांत विकते. वर्षातला मोठा काळ गोठलेल्या गावातून असे तीन प्रकार निघावेत यात नवल नाही. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंची गुंतवळ. उबेत ते रेणू एकमेकांवरून सरकतात, म्हणून वस्तू वाकते आणि हाताला चिकटते. थंडीत हे सरकणे थांबत जाते. उन्हाळ्यात हातात छान बसणारी पॉलियुरेथेनची चकचकीत तबकडी उणे तापमानात काचेसारखी कडक आणि निसरडी होते. स्वस्त प्लॅस्टिकची झाडावर आदळली तर तिच्या काठाचा टवका उडतो. पटरच्या बाबतीत हा फरक थेट गुणांवर परिणाम करतो. कडक पटर गोठलेल्या साखळीवर आपटून बाहेर उडते, मऊ पटर साखळीत रुतून खाली पडते. उन्हाळ्यात फार लिबलिबीत म्हणून कपाटात टाकलेली तबकडी जानेवारीत नेमकी योग्य होते.

मग तबकडी कोटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवावी का? यावर दोन मते आहेत आणि दोन्ही खरी आहेत. उबदार तबकडी हातात चांगली बसते. पण ती बर्फात पडली की तिला लागलेला बर्फ वितळतो, पाण्याचा तो पातळ थर लगेच पुन्हा गोठतो आणि काठावर बर्फाची साल बसते. ती नखाने खरवडताना बोटे आणखी गारठतात. पूर्ण थंड तबकडीवरून कोरडा बर्फ नुसता झटकला तरी पडतो. म्हणून अनुभवी लोक लांब फेकीच्या तबकड्या खेळाआधी अर्धा तास बाहेर गार करतात आणि फक्त पटर अंगाशी ठेवतात. पटर साखळीत जाते, बर्फात क्वचितच पडते.

आता पायाखालची जमीन. उन्हाळ्यात लांब फेकायला खेळाडू तीन-चार पावलांची तिरकी धाव घेतो आणि शेवटच्या पावलावर सारे अंग गर्रकन फिरवतो. गोठलेल्या चौथऱ्यावर हे केले तर गुडघा फिरतो, तबकडी नाही. फिनलंडमध्ये चौथऱ्याशेजारी फावडे ठेवलेले दिसते; आलेला प्रत्येक गट थोडा बर्फ ओढून पुढे जातो. बुटांच्या तळव्यात धातूचे बारीक खिळे असतात. तरीही बहुतेक जण धाव आखडून एका पावलावर आणतात किंवा जागेवरूनच फेकतात. इथेच हिवाळ्याचा खरा फायदा सुरू होतो. धाव गेली की कंबर आणि खांद्याच्या क्रमातली चूक झाकायला काही उरत नाही. जागेवरून फेकताना जोर कुठून येतो हे शरीराला नव्याने शिकावे लागते. शिकवणी म्हणून याला तोड नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

पडलेल्या बर्फाचेही प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारात खेळ वेगळा. ऊन-थंडीच्या पाळीने वर कडक पापुद्रा आला असेल तर तबकडी त्यावरून घसरत दूर जाते. अशा दिवशी ती काठावर उभी पाडून चाकासारखी पळवणारेही आहेत. ओलसर बर्फात ती जिथे पडते तिथेच रुतते आणि दिसते. सगळ्यात वाईट तो ताजा, भुसभुशीत, गुडघाभर बर्फ. वेगात आलेली तबकडी त्यात पोस्टाच्या पेटीत पत्र जावे तशी काठाने शिरते आणि पृष्ठभागावर फक्त बोटभर रुंदीची चीर ठेवते. रंग कितीही भडक असला तरी तो आता बर्फाखाली गेलेला असतो. शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात. त्यानंतर तबकडी हरवली असे धरून एका फेकीचा दंड बसतो.

म्हणून एक गडी पुढे उभा राहतो आणि त्याचे काम फक्त पाहणे असते. चीर सापडली तर तिथेच उकरण्यात अर्थ नाही. तबकडी बर्फाच्या आत आणखी पुढे सरकलेली असते, बहुधा फेकीच्या दिशेने. मैत्रीच्या खेळात तबकडीच्या पोटाला चिकटपट्टीने रंगीत रिबिनीची शेपटी लावतात. तबकडी बुडाली तरी रिबिनीचे टोक वर राहते आणि ते धरून ओढले की ती बाहेर येते. उड्डाणात थोडा फरक पडतो, पण गुडघाभर बर्फात तो फरक सोसण्यासारखा आहे. पांढरी तबकडी घरी ठेवावी, हे तर सांगायलाही नको.

टोपलीच्या काठाची उंची जमिनीपासून ८२ सेंमीच्या आसपास असते. बर्फ दोन-अडीच फूट साचला की ती काठोकाठ जमिनीशी येते आणि पटर वरून खाली टाकल्यासारखी फेकावी लागते. तळ्यांचेही तसेच. उन्हाळ्यात दंड देणारे पाणी हिवाळ्यात चालण्याजोगे होते आणि बरेच जण तळ्यावरूनच आखूड वाट काढतात. इथे मात्र खेळ बाजूला ठेवून बोलले पाहिजे. माणसाने चालण्यासाठी स्वच्छ, नवा बर्फ किमान ४ इंच, म्हणजे साधारण १० सेंमी जाड असावा, असे मिनेसोटा राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. वाहत्या पाण्याजवळ, पुलाखाली किंवा वर ताजे हिम पडलेले असेल तेव्हा वरून जाडी ओळखता येत नाही. तिथे गेलेली तबकडी गेली म्हणावे आणि पुढच्या चौथऱ्याकडे निघावे. नवी तबकडी पंधरा-वीस युरोत मिळते.

फिनलंडच्या हिवाळ्यात उजेडाचीही टंचाई असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हेलसिंकीत दिवस पावणेसहा तासांच्या आसपास असतो, ओउलूत साडेतीन तासांचा. कामावरून सुटेपर्यंत अंधार पडलेला. मग तबकडीच्या पोटाला बटणाएवढा एलईडी दिवा चिकटवतात, नाहीतर प्रकाश साठवून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकची तबकडी घेऊन तिच्यावर जंबुपार किरणांची विजेरी काही सेकंद धरतात. अंधारात ती हिरवट तेजाने उडताना दिसते, आणि भुसभुशीत बर्फाखाली गेली तरी वरचा बर्फ मंद उजळतो. दिवसा हरवणारी तबकडी रात्री सापडते, हा एक अनपेक्षित लाभ. मात्र बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात. फोन आतल्या खिशात ठेवावा.

पुण्या-मुंबईहून हेलसिंकी, एस्पू किंवा मिनिआपोलिसला नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांनी हा खेळ मुद्दाम धरावा. तिथली बहुसंख्य मैदाने नगरपालिकेची आणि फुकट असतात. अंधाऱ्या महिन्यांत घराबाहेर पडायला एक कारण लागते, आणि इथे ते मुलांसकट सगळ्यांना पुरते. फक्त एक शिस्त आधी शिकून घ्यावी. हिवाळ्यात अनेक मैदानांतून स्कीचे मार्ग जातात. यंत्राने आखलेल्या त्या जोडचरांवर पाय ठेवणे म्हणजे कोणाच्या सारवलेल्या अंगणातून चिखलाचे पाय घेऊन जाणे. मैदान स्कीसाठी बंद आहे अशी पाटी असेल तर मुकाट्याने दुसरीकडे जावे. काही गावांत अशा काळासाठी टोपल्या हलवून हिवाळ्याचा वेगळा मार्ग आखलेला असतो.

अमेरिकेत हिवाळी डिस्क गोल्फला एक वेगळे वळण मिळाले. १९८७ साली मिसुरी राज्यात रिक रॉथस्टीन या डिस्क गोल्फ मासिकाच्या प्रकाशकाने ऐन थंडीत ‘आइस बोल’ ही स्पर्धा सुरू केली. भित्र्यांना आणि कुरकुरणाऱ्यांना इथे जागा नाही, हे तिचे घोषवाक्य. पाहता पाहता जानेवारी ते मार्च या काळात शेकडो गावांत आइस बोल होऊ लागले आणि भुकेल्यांसाठी अन्न गोळा करणे हा त्यांचा मुख्य हेतू झाला. खेळाडू डबाबंद अन्न घेऊन येतात, पैसे देतात, आणि सगळे स्थानिक अन्नपेढीला जाते. आजवर लाखो डॉलर असे जमले आहेत. नाताळचा दानाचा उत्साह ओसरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, अन्नपेढ्यांची कपाटे रिकामी होऊ लागतात. बाहेरची थंडी दोन तास अंगावर घेतलेल्या माणसाला घरात चूल न पेटलेल्यांची आठवण करून देणारी ही स्पर्धा मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मार्च-एप्रिलात बर्फ वितळू लागला की मैदाने काही आठवडे बंद ठेवावी लागतात. वरची माती सैल झालेली, खालची अजून गोठलेली; पाणी मुरत नाही आणि बुटांनी सगळ्या वाटांचा चिखल होतो. याच आठवड्यांत हिवाळ्यात बुडालेल्या तबकड्या वर येतात. खेळाडू आपल्या तबकडीच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात, आणि सापडलेली तबकडी मालकाला कळवणे हा या खेळातला पाळला जाणारा शिष्टाचार आहे. फिनलंडमध्ये सापडलेल्या तबकड्यांसाठी मैदानांजवळ पेट्या असतात आणि क्लब त्यांच्या याद्या लावतात. नंबर पुसला गेला असेल आणि बराच काळ कोणी मागायला आले नाही, तर काही क्लब त्या तबकड्या विकतात आणि आलेला पैसा मैदानाच्या देखभालीला लावतात.